फुटलेल्या काचांची वही

दांडिया बाजारात कार्डं शंभराच्या पटीत छापतात,
कमी नाही.
शलाका फणसे, केमिकल इंजिनिअर.
खाली 'शिकाऊ' घालू का, विचारलं,
तर प्रेसवाला म्हणाला, शाई वाया.

तीस सेकंदांत स्वतःला सांगायचं असतं.
आरशासमोर लावून पाहिलं घड्याळ:
इंग्रजीत एकतीस, गुजरातीत बावीस,
मराठीत बाराव्याच सेकंदाला
आई आतून म्हणाली, कोणाशी बोलतेस गं?

अलकापुरीतल्या हॉटेलात, मेळाव्यात,
अठरा कार्डं गेली.
माणसं माझ्याशी बोलताना
माझ्या खांद्यापलीकडचा खांदा बघत होती.
एकाची बशी ओली होती,
त्यानं माझ्या नावावर ढोकळा ठेवला.
बाकीचे म्हणाले, मेल टाका,
जसं आपण म्हणतो, या ना एकदा घरी,
आणि पत्ता देत नाही.

सोमवारी नो-ड्यूजच्या सहीसाठी
प्रयोगशाळेत गेले.
नगीनभाई, एकतीस वर्षं
काच देणारे, काच परत घेणारे,
चष्मा कपाळावर ढकलून म्हणाले,
थर्मामीटर बाकी छे, बेन.

दुसऱ्या वर्षाचा. मी विसरले होते, वही नाही.
लाल कापडाची, जाड, कडेला आम्लानं खाल्लेली:
नाव, वर्ष, काय फुटलं, किती रुपये,
आणि शेवटच्या रकान्यात फोन.
फोन कशाला, नगीनभाई?
पैसा बाकी होय तो शोधवा पडे ने.

पण नंबर खोडून नवे लिहिलेले,
एकेकाचे तीन-तीन, चार-चार.
कोण कळवतं?
पोतेच, दिवाळीला.
का, ते त्यांना ठाऊक नव्हतं.
बोट ओळींवरून खाली जात होतं:
दोन लिटरचा फ्लास्क आता अंकलेश्वरला,
ब्युरेट रिफायनरीत,
डेसिकेटरचं झाकण कॅनडात, दोन मुलं.

मग बोट थांबलं.
हिमांशु अमीन, कंडेन्सर, एकशे चाळीस.
दहेजला आखा प्लांट चलावे छे.
कर फोन. के'जे, वसुली.

जिन्यात उभी राहून केला.
तीस सेकंदांतलं एकही आठवेना.
सर, तुमच्याकडे
एकशे चाळीस रुपये बाकी आहेत.

पलीकडे नुसती यंत्रांची घरघर.
मग: नगीनभाई आहेत अजून?
गुडघा कसा आहे त्यांचा?
ती पश्चिमेची खिडकी, लागते का आता?
लागत नाही, सर.
तू काय फोडलंस?
थर्मामीटर.
पारा?
पळाला. टेबलाखाली, फटींतून.
मग काय केलंस?
सगळ्यांना बाहेर काढलं, खिडक्या उघडल्या,
फटींवर गंधक पसरलं,
आणि सरांना सांगितलं, मीच फोडला.

शेवटचं वाक्य लागलं त्यांना बहुतेक.
थोडा वेळ पुन्हा घरघर.
गुरुवारी ये.
नोकरी म्हणत नाही मी, कळलं?
सेफ्टीच्या माणसांना भेट, प्लांट बघ,
बूट घालून ये, चपला नकोत.

मी जिना उतरायच्या आत
एकशे चाळीस रुपये फोनवर आले.

नगीनभाईंनी ऐकून घेतलं,
वहीत एकशे तीस जमा लिहिले.
दहा?
दस बाकी राख.
खातं मिटलं तर फोन कोण करणार?
माझे पैसेही मोजून घेतले,
दहाची नोट परत सरकवली,
सही केली, शिक्का मारला.

उरलेल्या ब्याऐंशी कार्डांच्या पाठीवर
आई वाणसामान लिहिते.
गुरुवारची बस पहाटे पावणेसहाची आहे.
बूट भावाचे, पुढे कापूस कोंबून.

शेवटच्या रकान्यात माझे दहा आकडे उतरवताना
नगीनभाईंनी पेन थांबवून विचारलं होतं,
बदलशे तो के'शे ने?