पोचा

डॅव्हेंट्री. नोव्हेंबर, सकाळचे साडेसहा.
बाहेर अंधार, आत बारमाही उजेड.
चौदाव्या गल्लीत, सातव्या खांबाशी
मी गुडघे टेकते,
मीटरभर लांब पट्टी पोलादाला लावते
आणि फटीत पातळ पाती सरकवून बघते.
तीन मिलिमीटर जातं. पाच जातं.
आठही जातं, जरा कुरकुरत.

पट्टी गवंड्याच्या ओळंब्यासारखी, भीड न बाळगणारी.
खांब मात्र म्हणतो, मला काय धाड भरलीय?
डोक्यावर चार मजले,
टोमॅटोचे डबे, कुत्र्यांचं खाणं, नाताळचे दिवे,
तरी उभा,
रजा कापली जाईल म्हणून ताप लपवणाऱ्यासारखा.

भांड्याला भांडं लागलं की आवाज व्हायचाच,
हे घरात ठीक.
इथे रात्री तीनला, रिव्हर्सच्या पिपाण्यांत,
फोर्कलिफ्टचं बूड खांबाला घासलं
तर ते चालवणाऱ्याच्या मणक्यालाच कळतं.

नोंदवहीत काल रात्रीपुढे लिहिलंय: काही नाही.
खांबावर, गुडघ्याइतक्या उंचीवर, पिवळा ओरखडा.

ब्रेंडन म्हणतो, ठोकून सरळ करू ना,
माल तुंबलाय, नाताळ तोंडावर.
पितळी तांब्याचा पोचा ठोकून निघतो, ब्रेंडन.
हे पोलाद ठोकलं की आणखी थकतं.
मी लाल चिठ्ठी बांधते.
लाल म्हणजे आत्ता:
दोन्ही बाजूंचे कप्पे रिकामे, वरपासून खालपर्यंत.
तो घड्याळाकडे बघतो, मग वर,
मग बराच वेळ वरच.

चहाच्या यंत्रापाशी इओनेल थांबलेला,
शिफ्ट संपून तास झाला तरी.
"मीच," म्हणतो. "आधीच्या ठिकाणी पगारातून कापायचे."
इथे कापत नाहीत, मी सांगते,
आणि ब्रेंडनकडे बघते,
आणि ब्रेंडनला मान हलवावी लागते.

मग इओनेल घडाघडा बोलतो:
वळणाशी पॅलेट वीतभर बाहेर येतात,
कोपऱ्यातला दिवा कधीचा गेलाय,
खांबाचा पिवळा गार्ड उन्हाळ्यात काढला,
परत बसवलाच नाही.
माझ्या यादीत यातलं निम्मंही नव्हतं.

जानेवारीत परत आले.
नवा खांब शेजाऱ्यांत जरा जास्तच करडा.
पायथ्याशी गार्ड, चार बोल्टांनी जखडलेला,
आणि गार्डवर ताजा, खोल पोचा.
पट्टी लावली. खांब सरळ.
नोंदवही उघडली:
तीन वाजून दहा मिनिटं, गल्ली चौदा, मी धडकलो.
खाली इओनेलची सही,
आणि स्पेलिंगच्या दोन चुका.