अबईची धार

पुण्याहून येणारी बाटली यंदाही आली नाही.
आली असती तरी उणे वीस अंशांत ठेवायची,
आणि आमच्या फ्रीजला विट्याची वीज लागते.

कोष्टी मॅडम म्हणाल्या,
शिकलगार, तुमच्या कुंपणावर अबई चढलीय ना?

चढलीय. कोवळी असते तोवर गल्ली भाजीला नेते,
जून झाली की कुणी विचारत नाही,
खुळखुळत राहते वाऱ्यावर.
हातभर लांब, टोकाला जराशी वाकडी.
आजोबांनी तलवारींना धार लावली,
वडलांनी विळ्यांना, कात्र्यांना.
माझ्या वाट्याला ही शेंग.

दाणे वाळवले, घरच्या मिक्सरला लावले.
जुलेखा म्हणाली, आता मिक्सर कॉलेजातच ठेवा.
बर्फ एसटी स्टँडवरच्या सरबतवाल्याचा,
गाळायला जुन्या सदऱ्याचं मलमल.
रात्रभर थंड पाण्यात; सकाळी वर निवळ आली
तांदळाच्या धुवणासारखी.
हेच ते, मॅडम म्हणाल्या. युरिएज.
मला तर धुवणच दिसत होतं.

मग नळीत चिमूटभर युरिया,
फिनॉल रेडनं सगळं पिवळं,
त्यात माझ्या कुंपणाचे चार थेंब.
पोरं घड्याळाकडं बघत होती,
दीक्षा लोंढे एकटी नळीकडं.
मामा, कडेनं बदलतंय.
चौथ्या मिनिटाला नळी गच्च गुलाबी
आणि खोलीभर पहाटेच्या गोठ्याचा वास.
गावातली पोरं नाकाला रुमाल लावून हसली,
घाटमाथ्यावरची, ओळखीचं कुणी भेटल्यासारखी.

दुसरी नळी उकळलेल्या अर्काची.
तिनं पिवळंच राहायचं, तेच तिचं काम.
सगळे गेले. बाकं पुसली, खिडक्या लावल्या,
तरी ती ओतून द्यायला हात होईना.
म्हटलं, अजून पाच मिनिटं बघू.

बुधवारी चार मिनिटं लागली होती.
शुक्रवारी नऊ.
मध्ये दोन दिवस वीज नव्हती,
सोमवारी बावीस मिनिटं झाली
तरी नळी नुसती नारिंगी.
मॅडमनी वहीत लिहिलं, क्रियाशीलता घटली.
मी म्हटलं, धार उतरली.
पेन थांबलं. खोडलं काही नाही त्यांनी,
खाली बारीक अक्षरात
माझाही शब्द लिहून घेतला.

संध्याकाळी शिडी घेऊन
पुन्हा कुंपणाशी गेलो,
एकेक शेंग कानाशी हलवून
कुठली वाजते बघत.