दहातले पाच

डार्टमथला धुकं बंदरातून चढ चढून वर येतं,
आधी फेरीबोटीचा भोंगा, मागून ते.
बुधवारी पहाटे आमच्या गल्लीत
दारोदारी एकेक निळी पिशवी बसलेली असते,
आरपार दिसणारी,
जणू घरांनी आपापली पोटं बाहेर काढून ठेवलीत.

दह्याचे डबे, शाम्पू, सूपचे टिन:
यांना कुणी विचारत नाही.
सव्वासातला ट्रक येतो, दोन पोरं उतरतात,
कानांत गाणी. उचलतात, फेकतात, जातात.
फुकट. म्हणजे घरपट्टीत धरलेलं.

पण कॅनवर पैसे बसलेले असतात.
विकत घेताना दहा सेंट ठेवायचे,
रिकामा परत नेला की पाच मिळणार.
रसेल म्हणायचा, ही कसली ठेव,
घरी पोचायच्या आत निम्मी बुडते!
आणि त्या पाचांसाठी गाडी काढून डेपोवर जायचं,
चिकट बोटांनी रांगेत उभं राहायचं?
सोड. टाक पिशवीत.

मर्डीना गिलिस ट्रकच्या आधी येते.
बाबागाडीत बाळाच्या जागी पोतं.
पिशवी फाडत नाही, गाठ सोडते,
कॅन तेवढे वेचते,
गाठ पुन्हा मारते, माझ्यापेक्षा नीट.

समोरच्या वेंडेलला हे खपत नाही.
वॉर्डाच्या सभेत तो कागद घेऊन उभा राहिला:
पिशवी फुटपाथवर आली की ती पालिकेची.
भाव येतो तो ॲल्युमिनियमला,
त्याच्यावर बाकीचा कचरा जगतो.
साय कुणी काढून नेणार,
आणि आपण काय नुसतं पाणी वाहण्याचे पैसे भरायचे?
हिशेब बिनचूक होता.
मी मान हलवली.
मर्डीना सभेत नव्हती.
ती सभागृहाच्या मागे होती,
आम्ही प्यायलेल्या सोड्याचे कॅन मोजत.

नोव्हेंबरात एका पहाटे झोप लागेना म्हणून दार उघडलं,
तर पायरीशी ती, उकिडवी,
माझी पिशवी गुडघ्याला टेकवलेली.
मला काही सुचण्याआधी तिनेच विचारलं,
"जिंजर एलवाले कुठं गेले?"

केमोनंतर रसेलच्या पोटात तेवढंच ठरायचं.
दिवसाला तीन हिरवे कॅन.
तो गेल्याचं सगळ्यांना कळलं होतं,
पाद्री येऊन गेले, बँकेचं पत्र आलं,
वेंडेलच्या बायकोने बटाट्याचं काहीतरी भाजून आणलं, भांडं अजून माझ्याकडेच आहे.
कॅन थांबल्याचं मात्र हिला एकटीलाच ठाऊक.

मी सांगितलं.
ती बराच वेळ हातमोज्याचं भोक चाचपत राहिली.
मग म्हणाली,
"मला वाटलं, बरे झाले."

आठवड्याचे एकवीस. पाचाने गुणले तर
एक डॉलर पाच सेंट.
एवढं तो तिला देत होता,
मला न सांगता,
स्वतःलाही न कळता.

पुढच्या बुधवारी मी कॅनची वेगळी पिशवी
कुंपणाला अडकवून ठेवली.
ती तशीच लटकत राहिली, ट्रक गेला तरी.
"वेगळं नको," मर्डीना म्हणाली नंतर.
"वेगळं ठेवलं की घ्यावं लागतं.
आतलं मी शोधते."

आता जिंजर एल मी पिते.
मला आवडत नाही, ढेकर येतात,
एखादा सिंकमध्येही ओतते, कुणाला सांगू नका.
ओढून ताणून दहाच होतात आठवड्याला.
निम्मे.
इथल्या नियमात ते बसतं.

मंगळवारी रात्री पिशवी बाहेर नेताना
समोरच्या खिडकीतला पडदा हलतो.
मी वेंडेलला हात करते,
आणि गाठ जरा सैलच मारते.