नाहीची नोंद

महाप्यात रात्री अडीचला मशीन धापा टाकायला लागलं.
मेमरी भरलेली, आणि अर्ध्याहून जास्त
नुसत्या नावांनी. तीही
नसलेल्या फायलींच्या.

कुठलासा प्रोग्रॅम संध्याकाळपासून विचारत होता,
अमुक आहे का? नाही. तमुक आहे का? नाही.
आणि कर्नल, जुन्या कारकुनासारखा,
एकेक नाही घडी घालून ठेवत होता,
पुन्हा कुणी विचारलं तर
डिस्कपर्यंत हेलपाटा नको म्हणून.

नाहींचा तो ढीग बघत बसले
आणि रोहिदास आठवला, आमच्या गेटवरचा.

घणसोली, सेक्टर एकवीस.
कुरियरवाला विचारतो,
"तीनशे दोन, इंद्रायणी केळुसकर?"
"नाय राहत."
वही न उघडता.
पहिल्या वेळी तो वर जाऊन पाटी वाचून आला होता.
पाटीवर शृंगारपुरे.
आता जिना वाचतो, बेल वाचते,
बँकेचं पाकीट बँकेत परत.

पत्ता असाच चालायचा असतो, मुळापासून,
एकेक तिरकी रेघ ओलांडत.
शहर, मग नोड,
सिडकोनं आमच्या वस्त्यांना हाच शब्द दिलाय,
पहिल्यांदा वाचला तेव्हा एकटीच हसले होते,
मग सेक्टर, प्लॉट, विंग.
प्रत्येक दारात प्रश्न एकच:
पुढचं नाव आहे का तुझ्याकडे?
त्यापलीकडचं दाराला ठाऊक नसतं.
आणि सगळ्यात शेवटी जो भेटतो, आयनोड,
त्याला स्वतःचं नावच माहीत नसतं.
नाव राहतं घराकडे.
दोन घरांत दोन नावं असली त्याची,
तरी तो फक्त आकडा धरून असतो: दोन.
एक पुसलं की, एक.

रोहिदास तळवलीचा. साठी उलटलेली.
रात्री खुर्ची बाहेर काढून बसतो आणि सांगतो,
"ह्या पार्किंगखाली आमची खार हाय."
"होती," मी म्हणते.
"होती नाय. हाय."

आमच्या भाषेत याला माउंट म्हणतात.
असलेल्या डिरेक्टरीवर
दुसरं अख्खं झाड आणून बसवायचं.
वाट तिथं पोचली की मुकाट वरच्या झाडात शिरते.
खालचं काही पुसलं जात नाही,
फक्त कुठलाच पत्ता तिथं उतरत नाही.
अपवाद एवढाच:
झाड बसवण्याआधीपासून जो आत उभा आहे,
त्याला अजून खालचंच दिसतं.
बांध, उघडी, भरतीचं पाणी,
एमएच त्रेचाळीसच्या गाड्यांखाली.

चार वाजता कारण सापडलं.
एक ओळ लिहून सगळे नाही झटकता आले असते.
हात थांबला.
कारण नवी फाइल जन्मते तेव्हाही
आधी शोधच होतो तिचा.
उत्तर येतं: नाही.
मग त्याच घडीला, त्याच जागी,
आयनोड आणून चिकटवतात.
म्हणजे जे जे आहे
त्यातलं पुष्कळसं
आधी कुणाच्या तरी वहीत नाही म्हणून बसलेलं.

तरी झटकलेच. मशीनला श्वास हवा होता.

सकाळी गेटवर रोहिदास चहा ओतत होता बशीत.
गेल्या मंगळवारी त्याचं ते "नाय राहत"
मी स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं
आणि लिफ्टचं बटण दाबलं होतं.
कोर्टाचा कागद आला त्याच आठवड्यात.
पाटी काढायला स्क्रूड्रायव्हर सापडत नव्हता,
असं मी स्वतःला सांगत होते.

म्हटलं, "रोहिदासदादा, ती केळुसकर,
ती मीच."

बराच वेळ बघत राहिला.
मग खिशातून पेन, आणि पहिल्यांदाच वही.
पान उलटत उलटत मागे गेला,
जिथं त्यानं लिहिलं होतं, इं. केळुसकर, नाही.
ते खोडलं नाही.
त्याच्याच पुढे, थोडं तिरकं,
लिहिलं: ३०२.