व्यक्तिशः ओळखते

चेंबर मळ्यात, दुसऱ्या मजल्यावर.
खाली पोदेराची भट्टी; त्यामुळे माझ्या सगळ्या नोटिशींना
दुपारी तीननंतर पावाचा वास येतो.
विरुद्ध पक्षाच्या एका वकिलानं
लेखी उत्तरात त्याची तक्रारही केली होती,
विनोदानं, असं मी धरून चालते.

काय केलं इतक्या वर्षांत?
एका बार्जच्या इंजिनावरून दोन भावांना
अकरा वर्षं एकमेकांशी बोलू दिलं नाही.
कलम चौदातला एक स्वल्पविराम
मुरगावला नांगरलेल्या जहाजाइतका जड आहे
हे सिद्ध केलं,
आणि स्वल्पविरामाचं बिल लावलं.
हरलेल्या फायली वर आहेत, पोटमाळ्यावर,
वाळवीच्या अधिकारक्षेत्रात.

शाबी वेळीपला मी पहिल्यांदा पाहिलं
तेव्हा तो माझा अशील नव्हता.
कामगार न्यायालयाच्या पिंजऱ्यात उभा,
चपला बाहेर काढून (कुणी सांगितलं नव्हतं),
आणि मी कंपनीतर्फे.
'एकोणीस ते एकवीस तुम्ही कामावर नव्हता?'
'बाय, त्या दिसांनी आवय—'
'हो की नाही?'
'आवय म्हजी—'
'हो. की. नाही.'
साहेबांनी टंकलेखकाकडे पाहिलं.
'हो,' तो म्हणाला.
कागदावर ते एकच अक्षर पडलं
आणि निकाल बारा पानी आला.

संध्याकाळी सीनियर, कुडचडकर, खूश होते.
प्रश्न कसा हवा, म्हणाले, इसवणाच्या तुकडीसारखा.
काटा एकच. मधोमध.

गेल्या मंगळवारी तो आला,
काणकोणहून, दोन कदंबा बदलून.
पिशवीत खोलच्या मिरच्या,
मिरच्यांखाली प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले शंभर शेअर,
कागदी. एका दिवाळीला बोनसऐवजी वाटलेले.
कंपनीनं त्यानंतर दोनदा नाव बदललं,
मग ती एका मोठ्या कंपनीच्या पोटात गेली,
आणि त्या पोटातून कुणीतरी कळवलंय:
सही जुळत नाही.

कशी जुळेल?
तेव्हा तो नाव गिरवायला नुकता शिकला होता;
प्रत्येक अक्षर सुटं, ताठ, हजेरीला उभं राहिल्यासारखं.
आता हात कापतो.
अक्षरं एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवून चालतात.

'माझ्याकडेच का आलात?'
'तुमी प्रश्न बरे विचारतात, बाय.'
मी उपरोध शोधला.
तो शोधणं माझा धंदा आहे.
सापडला नाही.

प्रतिज्ञापत्र केलं:
तेव्हा सही करणारा आणि आता करणारा इसम एकच,
वगैरे.
नोटरीच्या शिक्क्याजवळ एक ओळ असते, छापील,
जिच्याखाली मी न वाचता हजारदा सही केली आहे:
सदर इसमास मी व्यक्तिशः ओळखते.

ओळखते?
त्या तीन दिवसांत त्याची आई गेली की वाचली
तेसुद्धा मला माहीत नाही.
जुनी फाईल काढली.
फाईलमध्ये 'हो' आहे.

मग विचारलं.
सव्वीस वर्षांनी, विनाशपथ, मुदतबाह्य.

तो बोलायला लागला.
आधी पाड्यावरची वाट, मग खाट,
खाटेला खांदा द्यायला माणसं कमी,
मग भावाची गाय, गायीचा काहीतरी वाद
(दिवाणी, मनात नोंद केली, मग खोडली),
मग परत खाट, नदी, पलीकडचा डॉक्टर
आणि त्याचा स्वभाव.
एकाही वाक्याला हो नव्हतं, नाही नव्हतं.

खालून पावाचा वास आला.
साडेचारला नोटरी उठतो.
बाहेरच्या खोलीत कारकून मिरच्यांनी शिंकत होता.
पेनाचं टोपण टेबलावर, पेन उघडं,
आणि शाबी
अजून आईपर्यंत पोचला नव्हता.