अर्थिंग

लाईट गेली की आमचा कॉम्प्युटर
थेट एक जानेवारी दोन हजार दोनमध्ये जाऊन बसतो.
लाईट आली की मी त्याला परत आणतो,
दिवस, महिना, साल,
बसस्टँडवर भटकलेल्या म्हाताऱ्याला
कोपरापाशी धरून घरी आणावं तसं.

तेवढं चालून जायचं.
पण चैतात त्यानं नवीन खोड काढली.
सहावीची प्रश्नपत्रिका टाईप करताना
माऊसचा बाण आपोआप कोपऱ्यात पळायचा,
आणि 'क' एकदा दाबला तर
ककककककककक
ओळभर.
जणू मागच्या बाकावरचं पोरगं
'काहून' म्हणायला उभं राहिलंय
आणि त्याला पुढचं सापडेना.

मला येत होतं ते सगळं केलं.
बंद केला, चालू केला.
बंद केला, दहापर्यंत मोजलं, चालू केला.
कीबोर्ड उलटा धरून ठोकला तर पडले
तीन चुरमुरे, एक कापलेलं नख
आणि मागच्या दिवाळीत हरवलेला
बायकोच्या कानातला मळसूत्राचा फिरकीदाणा.
त्या दिवशी घरात कॉम्प्युटरची किंमत वाढली.

झाकण उघडलं, तर आत सगळं पिवळं.
वसमतच्या मोंढ्याच्या भिंतीला भिंत आमची.
हळदीचा सीझन लागला की
दोरीवरचं धुणंसुद्धा लग्नघरचं दिसतं.
पंख्याची पाती पिवळी, तारा पिवळ्या,
प्रोसेसरच्या डोक्यावर तर अशी चढली होती
की फक्त अक्षता टाकायच्या राहिल्या होत्या.
सायकलच्या पंपानं फुंकलं. सतरा वेळा शिंकलो.
रॅम काढून तिच्या सोनेरी दातांवर
नातवाचं खोडरबर घासलं,
हे नांदेडच्या मुजीबनं सांगितलेलं, फोनवर, फुकट.
परत बसवली. कट्.
चालू झाला.
ककककककक.

आणि झाकण लावताना बोटांना मुंग्या.
मला वाटलं, वयाच्या.

समोरच्या कुशावर्ताबाई तेव्हा ताटली परत द्यायला आल्या होत्या.
त्यांचे मालक तीस वर्षं लाइनमन.
खांब त्यांच्याकडं,
घरातले फ्यूज बाईंकडं.
"टेस्टर हाय का?"
पत्र्याला टेकवला. आत एक लाल ठिपका,
धड पेटलेला नाही, धड विझलेला नाही.
"ह्याला काही झालं नाही, सर.
तुमचं अर्थिंग मेलंय. खड्डा कुठंय?"

खड्डा न्हाणीच्या मागं.
मीठ, कोळसा, एक गंजका पाईप,
वर फुटक्या कुंडीचं टोपण. घर बांधलं तेव्हाचा.
माती इतकी वाळलेली की
भेगेत बाईंची दोन बोटं गेली.
"पाणी पाजा ह्याला. रोज एक बादली."

रोज एक बादली.
टँकर आठव्या दिवशी येतो.
बायकोनं माझ्याकडं जे बघितलं
ते मी इथं टाईप करत नाही.

शेवटी तांदूळ धुतलेलं, भाजी धुतलेलं,
माझ्या दाढीच्या मगातलं,
पोळीचं पीठ लागलेल्या हाताचं,
सगळं न्हाणीमागं जाऊ लागलं.
आधी तर माती नुसती फुसफुसायची,
वर बुडबुडे, खाली काहीच पोचलं नसल्यासारखी.
किती दिवसांनी ते मोजलं नाही,
एका संध्याकाळी पेटीवर तळहात ठेवला.
कोमट पत्रा. बाकी काही नाही.
'क' दाबला.
एकच आला.
त्याच्यापुढं बाकीचं लिहीत गेलो:
कोण कोणास म्हणाले ते लिहा. पाच गुण.

तारीख मात्र अजून हुकते.
आतली बटणाएवढी बॅटरी संपलीय, पस्तीस रुपयांची,
आणू आणू म्हणतोय.
काल लाईट आली, पेटी पुन्हा दोन हजार दोनमध्ये,
मी न्हाणीकडं तोंड करून ओरडलो,
"अगं, आज तारीख किती?"
बादली सरकल्याचा आवाज.
मग ती म्हणाली,
"तारखेचं काय माहीत.
टँकरचा तिसरा दिवस."