हातावरचा आकडा

एकतीस वर्षं सोल्वे ट्वेटननं रात्रीचा दिवस केला,
आणि हे बोलायची पद्धत म्हणून नाही, ड्यूटीच ती होती:
संध्याकाळी सात ते सकाळी सात.
तिची एक खोड आम्हा सगळ्यांना ठाऊक.
कागद हरवतो, हात हरवत नाही, म्हणायची
आणि डाव्या हाताच्या पाठीवर बॉलपेननं लिहायची:
खोली चार, ताप, दोन वाजता.
खोली सहा, बायको येईपर्यंत सांगू नका.

मग बाळंतपणाचा विभाग बंद झाला.
पाटी काढली तिथं भिंतीवर फिकट चौकोन राहिला.
सगळ्यांत जवळचा पाळणा आता नव्वद मैलांवर,
आणि नॉर्थ डकोटात, जानेवारीत, नव्वद मैल
हे अंतर नसतं, पैज असते.

मारेन केलर पेट्रोल पंपावर बाळंत झाली,
मागच्या खोलीत, ब्रेक-ऑइलच्या डब्यांमध्ये.
नवऱ्याच्या कानाला फोन, फोनवर सोल्वे.
नाळ बांधायला काय आहे?
बुटाची नाडी.
आधी उकळ. कॉफीच्या भांड्यात चालेल.

बाळ जगलं.
सोल्वे मात्र त्या रात्रीनंतर गप्प झाली,
आणि ती गप्प झाली की आम्हाला धडकी भरायची.

निवडणुकीला उभी राहिली.
दारोदार गेली, तर लोकांनी मताचं राहू दे म्हणत
गुडघे दाखवले, गोळ्यांचे डबे टेबलावर उपडे केले.
एका म्हाताऱ्यानं दार अडवून विचारलं, पक्ष कोणता?
हिनं विचारलं, साखर किती?
तासाभरानं बाहेर पडली. मत मागायचं राहूनच गेलं.

चारशे अकरा मतांनी आली.
औषधांच्या खोलीत आम्ही केक कापला,
आणि तिनं लॉकरची किल्ली माझ्या हातात ठेवली.
आत मोज्यांचा एक जोड, अर्धी पेपरमिंटची पुडी.

बिस्मार्कचं सभागृह दोन वर्षांतून एकदा भरतं.
चौऱ्याण्णव खुर्च्या.
पहिल्या आठवड्यात, ती सांगते, भाषणं ऐकूच आली नाहीत,
नुसती शरीरं दिसत राहिली:
अर्थसमितीच्या अध्यक्षांचे सुजलेले घोटे,
तिसऱ्या रांगेतल्या ऑर्विल क्नूटसनचा
जिन्यावर अडकणारा श्वास.
आणि भिंतीवरचा तो फलक,
प्रत्येकाच्या नावापुढे दिवा, हिरवा नाहीतर तांबडा.
"इतकी वर्षं खोलीवरचा दिवा लागला की मी उठून जायचे.
इथं दिवे लागतात
आणि सगळे बसून राहतात."

विधेयक क्रमांक बाराशे सत्त्याऐंशी.
बोलायला तीन मिनिटं.
पाळी बदलताना देतो तसा तिनं रिपोर्ट दिला:
कोण, कुठं, काय दुखतंय, काय करायचं राहिलंय.
विशेषण एकही नाही. बुटाची नाडी तेवढी सांगितली.

सेहेचाळीस हिरवे.
अठ्ठेचाळीस तांबडे.

त्याच दुपारी लिफ्टपाशी क्नूटसन घामाघूम झाले.
त्यांचा दिवा तांबडा होता, खर्चाचा मुद्दाही त्यांचाच.
हिनं त्यांना भिंतीला टेकवून बसवलं, टाय सैल केला,
मनगट बोटांत धरलं.
"मिसेस ट्वेटन, त्या मताचं म्हणाल तर—"
"बोलू नका. मोजतेय."

रुग्णवाहिका चार मिनिटांत आली.
राजधानी आहे ती.

एप्रिलमध्ये अधिवेशन संपलं, आणि सोल्वे परत आमच्यात,
शनिवार-रविवारच्या रात्री.
लॉकर घे म्हटलं, तर नको म्हणाली, मोजे फक्त दे.
सिंकवर हात धुताना मी पाहिलं,
डाव्या हातावर बाराशे सत्त्याऐंशी. ठळक, निळा.
अजून गेला नाही हा?
"रोज जातो," ती म्हणाली. "रोज लिहिते."
आणि त्याच्याखाली, तिरक्या अक्षरात, घाईनं:
खोली चार. पाणी मागते.